कुत्र्याची वंशपत्रिका कशी वाचावी



लग्न ठरवितांना पत्रिका पाहण्याची चाल आपल्या वऱ्हाडास नवीन नाहीं. अमरावती-अकोल्याच्या ज्या घरांतून लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड जातीचें कुत्रें पाळलेलें आहे, त्यांच्या हातीं आतां निराळीच पत्रिका पडूं शकते. कुत्र्याच्या गालाच्या आंतून कापसाचा बोळा फिरवून तो प्रयोगशाळेंत धाडला, म्हणजे त्याच्या आनुवंशिक दोषांचा कागद परत येतो. त्यावर ‘वाहक’ हा शब्द दिसला, कीं पत्रिकेंत मंगळ निघाल्याप्रमाणें मालकाच्या पोटांत गोळा येतो. ही भीति कितपत खरी, हें त्या शब्दाच्या इतिहासावरूनच ठरवावें.

ब्रुन येथील मठांत ग्रेगोर मेंडेल यांनीं वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग केले व ते १८६६ सालीं प्रसिद्ध झाले. प्रत्येक गुणाचीं दोन बीजें असतात, एक पित्याकडून व एक मातेकडून, असा त्यांचा निष्कर्ष. जगानें तो १९०० सालीं मानला. त्या बीजांस आज आपण जनुकें म्हणतों. कुत्र्यांचे पुष्कळ आनुवंशिक रोग असे आहेत, कीं दोन्ही जनुकें सदोष असतील तरच रोग होतो. एकच सदोष असेल, तर कुत्रें स्वतः त्या रोगापासून मुक्त राहतें. मात्र तो दोष पिल्लांस देऊं शकतें. तेंच वाहक.

हा नियम मेळघाटास परका नाहीं. तेथें व विदर्भांत अन्यत्र आढळणारा सिकलसेलचा रोग याच वाटेनें पुढील पिढींत उतरतो, हें जेम्स नील यांनीं १९४९ सालीं दाखविलें. चाचणींत ‘एएस’ आलेला मनुष्य वाहक, ‘एसएस’ आलेला रोगी.

इंग्लंडांत १८७३ सालीं केनेल क्लब स्थापन झाला व शुद्ध जातींच्या वंशावळी काटेकोरपणें ठेवल्या जाऊं लागल्या. त्याच त्या नामांकित पूर्वजांचें रक्त पुनःपुन्हां एकत्र आल्यानें लपलेले दोष वर आले. आयरिश सेटर जातींत अंधत्व दिसूं लागलें, तेव्हां संशयित कुत्र्याचा संयोग आंधळ्या कुत्र्याशीं करून पिल्लांची दृष्टि जाते कीं काय, याची वाट पाहावी लागे. त्या रोगाचा जनुकदोष १९९३ सालीं उघडकीस आला आणि थोड्या रक्तावरून निदान शक्य झालें. २००५ सालीं टाशा नांवाच्या बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला; पुढें चाचण्यांची संख्या झपाट्यानें वाढली.

परंतु ज्ञानाबरोबर विवेक नसेल तर काय होतें, हें आफ्रिकेंतून आलेल्या बासेंजी जातीनें शिकविलें. तिच्यांतील रक्तक्षयाच्या एका रोगाचे वाहक ओळखतां येऊं लागतांच पाळणाऱ्यांनीं त्यांस पैदाशींतून सरसकट वगळलें. तो रोग हटला. पण मूळच्याच थोड्या रक्तांतील चांगला भागही गेला, आणि मूत्रपिंडाचा फँकोनी रोग जोरानें पुढें आला. शेवटीं १९८७ व १९८८ सालीं झैरमधून, म्हणजे आजच्या काँगोमधून, नवीं कुत्रीं आणावीं लागलीं, व त्यांच्यासाठीं अमेरिकेंतील वंशनोंद १९९० सालीं खुली करण्यांत आली.

यावरून कागद कसा वाचावा तें कळेल. लॅब्राडॉरमध्यें हळूहळू अंधत्व आणणारा एक रोग आहे. त्याचें जनुक २००६ सालीं सांपडलें. त्याच्या वाहकाची जोडी निर्दोष कुत्र्याशीं लावली, तर एकही पिल्लूं त्या रोगानें आंधळें होत नाहीं; सरासरीनें निम्मीं वाहक निघतात, व त्यांची पुन्हां चाचणी करतां येते. दोन वाहक एकत्र आणले, तर मात्र सरासरीनें चारांतील एक पिल्लूं रोगी. जोडीदार निवडतांना सावधगिरी हवी, ती एवढ्याचसाठीं.

याला अपवाद आहेत. कोली जातींत आढळणाऱ्या एका दोषांत, ज्याचा शोध २००१ सालीं लागला, इव्हरमेक्टिनसारखें औषध अधिक मात्रेंत दिल्यास मेंदूस इजा होते. तेथें एक सदोष जनुकही दुर्लक्षूं नये. उलट, पाठीच्या कण्याच्या एका रोगांत दोन्ही जनुकें सदोष असूनही कांहीं कुत्रीं जन्मभर धडधाकट राहतात. आणि खुब्याचा सांधा बिघडणें हें अनेक जनुकांवर, खाण्यावर व वजनावर अवलंबून असल्यानें ‘निर्दोष’ शेरा मिळाला तरी क्ष-किरण तपासणी चुकत नाहीं. म्हणून कागद घेऊन प्रथम पशुवैद्याकडे जावें.

वाहक निघालें म्हणून कुत्रें रस्त्यावर सोडणें हा अज्ञानाचा आणि निर्दयपणाचा व्यवहार होय. दारांत शेपूट हलवीत उभें असलेलें तें मुकें जनावर कालच्याइतकेंच निरोगी आहे. कागदानें बदलली आहे ती केवळ आपली जबाबदारी.