औषधांच्या दोन याद्या

मागच्या वेळी आपण मलेरियाच्या औषधांपाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ, पण जायचंय ते डॉक्टरांच्या टेबलावरच्या संगणकापर्यंत.

कोरियाच्या युद्धातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना प्रायमाक्विन नावाची गोळी दिली जात होती. बहुतेकांना काही झालं नाही. काहींच्या मात्र तांबड्या पेशी फुटू लागल्या, आणि त्यांत कृष्णवर्णीय सैनिक जास्त होते. १९५६ साली कारण सापडलं. त्यांच्या पेशींत जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी होतं, आणि ही उणीव जन्मजात होती. हा शोध इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांतून लागला, हेही लक्षात ठेवू या. पुढे १९६३ साली मुंबईतल्या पारशी समाजात हीच उणीव नोंदली गेली. मधल्या काळात, १९५९ साली, जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश फोगेल यांनी या अभ्यासाला 'फार्माकोजेनेटिक्स' हे नाव दिलेलं होतं.

दुसरा प्रसंग लंडनचा. सत्तरच्या दशकात सेंट मेरीज हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये रॉबर्ट स्मिथ डेब्रिसोक्विन या रक्तदाबाच्या औषधावर काम करत होते. प्रयोग म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते स्वतःच घेतलं. सहकारी ठणठणीत. स्मिथना मात्र उभं राहवेना, रक्तदाब ७०/५० वर आला! मग सगळ्यांची लघवी तपासली. इतरांच्या शरीरात औषधाचं रूपांतर होऊन ते बाहेर पडत होतं, स्मिथांच्या शरीरात ते जवळजवळ तसंच राहत होतं. हा गुण घराण्यातून येतो, हे त्यांच्या गटाने १९७७ साली दाखवलं. त्यामागच्या एन्झाइमचं आजचं नाव सीवायपी२डी६. बाजारातल्या कितीतरी औषधांचं काय होणार, हे त्याच्यावर अवलंबून असतं.

म्हणजे ही झाली पहिली यादी: कुठलं औषध कोणत्या शरीराला मानवत नाही.

दुसरी यादी फार्मसीत तयार होत होती. रुग्णाला एकाच वेळी आठ-दहा औषधं मिळू लागली, आणि एक गोळी दुसरीचा परिणाम वाढवते किंवा मारते, हे लक्षात येऊ लागलं. जोड्या इतक्या झाल्या की त्या कुणाच्या डोक्यात राहणं शक्य नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डमध्ये 'मेडिफोर' नावाची संगणकप्रणाली तयार झाली. नवं प्रिस्क्रिप्शन आलं की ती ते रुग्णाच्या आधीच्या औषधांशी ताडून पाहायची, आणि धोका दिसला की इशारा द्यायची.

आता गंमत पाहा. या प्रणालीमागचे डॉक्टर होते स्टॅनली कोहेन. तेच कोहेन, ज्यांनी १९७३ साली हर्बर्ट बॉयर यांच्याबरोबर जिवाणूत परकं जनुक घालून जनुक अभियांत्रिकीचा पाया घातला. एकाच माणसाच्या एका हातात औषधांची यादी आणि दुसऱ्या हातात जनुक! तरीही दोन्ही एकत्र आले नाहीत. त्यात कोहेन यांची चूक होती असं आम्हाला वाटत नाही. रुग्णाचं जनुक वाचायचं साधनच तेव्हा नव्हतं. सीवायपी२डी६चं जनुक हाती लागलं १९८८ साली, आणि अशा एन्झाइमांची जनुकं तपासणाऱ्या चिपला अमेरिकेत परवानगी मिळाली २००४ साली. जनुक आणि औषध यांच्या नोंदींचा 'फार्मजीकेबी' हा संग्रह २००० साली सुरू झाला, तोही पुन्हा स्टॅनफर्डमध्येच.

दोन याद्या एकत्र का हव्यात? आपल्या घराघरातलं उदाहरण घेऊ. स्टेंट बसवल्यावर क्लोपिडोग्रेल देतात. ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला कामाला लावतं. सोबत अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल दिलं, तर ते याच एन्झाइमला अडवतं. जुनं सॉफ्टवेअर ही जोडी दिसली की सगळ्यांसाठी एकच इशारा देतं. पण ज्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, त्याच्यात अडवायला एन्झाइमच नाही. त्याची अ‍ॅसिडिटीची गोळी बदलून भागत नाही, क्लोपिडोग्रेलच बदलायला हवं. ज्याची एक प्रत चालू आहे, त्याचं उरलंसुरलं काम ओमेप्राझोल थांबवू शकतं. आणि या जनुकाची निकामी प्रत युरोपीय लोकांपेक्षा भारतीयांत जास्त आढळते.

सरसकट इशाऱ्यांचं काय होतं, तेही मोजलं गेलंय. २००६ साली अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तर डॉक्टर ४९ ते ९६ टक्के इशारे बाजूला सारत होते. आम्ही डॉक्टरांना दोष देणार नाही. रोज शंभरदा वाजणारी घंटा कोण ऐकणार?

तर याद्या जुळल्या, मग प्रश्न सुटला का? वॉरफरिनचं पाहू. मुळात हे उंदीर मारायचं औषध, पुढे रक्त पातळ ठेवण्यासाठी वापरात आलं. डोस जरा चुकला तर एकीकडे रक्तस्राव, दुसरीकडे गुठळी. म्हणून जनुकावरून डोस काढणारं सूत्र तयार केलं. अमेरिकेतल्या 'कोअ‍ॅग' चाचणीत ते १,०१५ रुग्णांवर तपासलं, निष्कर्ष २०१३ साली आले. एकूण फायदा शून्य. पण आतले आकडे बघा. कृष्णवर्णीय रुग्णांचं रक्त जनुकाविना काढलेल्या डोसावर ४३.५ टक्के वेळ योग्य पातळीत राहिलं, आणि जनुकावरून काढलेल्या डोसावर ३५.२ टक्के. सॉफ्टवेअरने त्यांचं नुकसानच केलं! सूत्रात सीवायपी२सी९ या जनुकाचे युरोपीय लोकांत नेहमी दिसणारे दोनच बदल घेतले होते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत जे आढळतात ते यादीतच नव्हते. जो बदल यादीत नाही, त्याला संगणक 'सर्वसाधारण' समजतो. प्रायमाक्विनने ज्यांच्या पेशी फुटल्या, त्यांचीच ही पुढची पिढी.

आपल्याकडे तर अनेक रुग्ण वॉरफरिनऐवजी अ‍ॅसिट्रोम घेतात. म्हणजे सूत्र दुसऱ्या औषधाचं आणि बहुतांशी दुसऱ्यांच्या शरीरांवरून बेतलेलं. ते इथे लावायचं, तर आधी इथल्या लोकांची जनुकं वाचलेली हवीत. २०२० साली सुरू झालेल्या जिनोमइंडिया प्रकल्पाने १०,००० भारतीयांपासून ते काम हाती घेतलं. त्यात काय हाती आलं, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.