सामायिक विद्युत स्कूटर (महाराष्ट्र)

अ‍ॅपवरून कुलूप उघडून वेळेच्या हिशोबाने वापरायची, बॅटरीवर चालणारी भाड्याची दुचाकी. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘युलू’ची सेवा सुरू झाली; २०१९ साली बजाज ऑटोने या बंगळूरच्या कंपनीत गुंतवणूक केली. कुर्ला आणि वांद्रे ही रेल्वे स्थानके संकुलापासून चालत जायला लांब, रिक्षासाठी रांग. त्यामुळे मागणी कचेऱ्यांच्या वेळांना चिकटलेली. मोटार २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीहून कमी असला, की नियमानुसार असे वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. परवाना, नोंदणी लागत नाही. पुढे खाद्यपदार्थ व किराणा पोचवणारी मुले ही वाहने दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेऊ लागली. धंद्याचा खरा आधार बहुधा हाच वापर. गोंदियासारख्या जंक्शनच्या गावी मात्र स्थानकाबाहेर अशा दुचाकीऐवजी ऑटोरिक्षाच गाठावी लागते.