कडीएवढी रिंग

दिवाळी आठ दिवसांवर आली की घरोघर माळ्यावरचा सोऱ्या खाली उतरतो. त्यात पीठ भरायचे, वरून दट्ट्या दाबायचा, आणि खालून चकली उतरू द्यायची. पण सोऱ्या जुना झाला असेल, दट्ट्या सैल पडला असेल, तर पीठ खाली जाण्याऐवजी कडेने वर चढते. जोर वाया जातो आणि चकली तुटते. मोटारसायकलच्या इंजिनाचे दुखणे नेमके हेच आहे, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. त्यातही एक नळकांडे आहे, एक दट्ट्या आहे. फक्त पिठाच्या जागी पेटलेला वायू आहे. त्याने दट्ट्याला ढकलावे, पण फटीतून निसटू नये, एवढ्यासाठी माणसाने केलेल्या खटपटीची ही हकीकत आहे.

इंग्लंडात न्यूकोमेनने १७१२ साली वाफेचे इंजिन उभे केले, तेव्हा दट्ट्याभोवती चामडे लावून वर पाणी ओतून ठेवीत. पुढे जेम्स वॉटच्या काळात तागाच्या दोरांना चरबी चोपडून ते दट्ट्याभोवती ठासून भरीत. विल्किन्सनने १७७५च्या सुमारास नळकांडे आतून पूर्वीपेक्षा पुष्कळच गोल कोरण्याची युक्ती काढली, तेव्हा वॉटचे काम सोपे झाले. तरी दोर झिजत, जळत आणि पुन्हा भरावे लागत. या कटकटीवर उपाय सापडला तो जॉन रॅम्सबॉटम या आगगाडीच्या इंजिनिअरला. त्याने १८५२ साली दट्ट्यालाच खाचा पाडल्या आणि प्रत्येक खाचेत धातूची एक चिरलेली कडी बसविली. कडी मुळात नळकांड्याहून किंचित मोठी. दाबून आत घातली की आपल्याच ताणाने बाहेर रेटते आणि भिंतीला चिकटून राहते. शिवाय कोंडलेला वायू कडीच्या मागे शिरून तिला अधिकच दाबतो. म्हणजे जो पळू पाहतो, त्यालाच पहाऱ्यावर बसविले! दट्ट्या म्हणजे पिस्टन, आणि ही कडी म्हणजे पिस्टनची रिंग.

आमच्या मुलखात ही कडी आली ती अर्थात वाफेबरोबर. १९१४ साली दौंड-बारामती ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचे माळ उसाने हिरवे केले, आणि १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. विहिरींवर किर्लोस्कर, कूपर यांची ऑइल इंजिने फटफटू लागली. शेतकऱ्याला रिंगेची ओळख झाली ती बहुधा तिथेच. इंजिन धूर ओकू लागले की गावचा मिस्त्री सांगे, ‘रिंगा गेल्या.’

मग दुचाक्या आल्या. १९४६ साली इटलीतील पियाजिओ कंपनीने व्हेस्पा काढली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. १९६० नंतर बजाजने त्याच कंपनीच्या परवान्यावर आपल्याकडे व्हेस्पा बनविली. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने लूना आणली, तीही पियाजिओच्याच ‘चाओ’ या गाडीवरून. १९८५ साली यामाहाची आर.एक्स. १०० आली. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना अडकवून पहाटेच्या अंधारात वाडीवस्तीवरून डेअरीकडे निघालेल्या या गाड्या मी किती पाहिल्या असतील, त्याची गणती नाही. अशी गाडी चढावर दम टाकू लागली की दूध नासण्याचा प्रश्न असे. आणि दूध नासले की त्या दिवशीच्या घरखर्चाचा.

बारामती-इंदापूर रस्त्यावर भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी अशी गावे लागतात. या रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आर.एक्स. १०० उघडलेली मी अगदी जवळून पाहिली. मिस्त्रीने हेड काढले, ब्लॉक वर उचलला. पिस्टनवरच्या रिंगा काजळीने खाचेतच चिकटल्या होत्या. त्यातली एक त्याने मुद्दाम मोडली आणि तिच्याच धारेने खाच खरवडून स्वच्छ केली. मग नवी रिंग नुसतीच नळकांड्यात ठेवून पिस्टनच्या माथ्याने सरळ आत ढकलली आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजली. या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटरचा; त्याला फट हवी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे साध्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढी.

मी विचारले, “फट मुळीच नसली तर आणखी चांगले नाही का?”

तो म्हणाला, “दादा, तापल्यावर रिंग वाढते. जागा नसली तर टोकाला टोक भिडतं, अन् मग रिंगही जाते अन् ब्लॉकही.”

फट फारच मोठी निघाली असती, तर ब्लॉक बोअरला पाठवून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागला असता. तशी वेळ आली नाही. टू-स्ट्रोक इंजिनाच्या भिंतीला खिडक्या असतात; रिंगेचे टोक त्यात अडकू नये म्हणून खाचेत एक बारीक खुंटी असते. दोन्ही रिंगांची टोके त्या खुंट्यांवर आणून, ऑइल लावून, बोटांनी रिंगा दाबीत त्याने ब्लॉक हलकेच खाली सरकविला. “आता काही शे किलोमीटर दमानं चालवा,” असे त्याने मालकाला बजावले. नवी रिंग आणि जुनी भिंत यांना एकमेकींची सवय व्हावी लागते.

त्या कडीचे काम किती, याचा मी हिशेब केला. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेते तेव्हा रिंग सेकंदाला शंभर वेळा वर जाते आणि शंभर वेळा खाली येते. पिस्टनची धाव ५० मिलिमीटरची; म्हणजे तासाभरात ती भिंतीवर ३६ किलोमीटर घासत जाते. आणि झिजायचे तर तिनेच आधी झिजावे, अशीच योजना असते. रिंग स्वस्त, ब्लॉक महाग.

आज काळ पालटला आहे. पियाजिओ स्वतःच बारामतीला येऊन राहिली. तिथे तिच्या तीनचाकी बनू लागल्या आणि २०१२ पासून व्हेस्पाही. लूना २०२४ साली परतली ती विजेवर. तिच्यात पिस्टन नाही, मग रिंग कुठली? टू-स्ट्रोकचा निळा धूर गेला, हे आपल्या छातीच्या दृष्टीने बरेच झाले. त्याबद्दल मला हळहळ नाही. हळहळ आहे ती त्या शेडमधल्या ज्ञानाची. ते शाळेत मिळाले नव्हते. उस्तादाच्या हाताखाली पाने उचलता उचलता ते बोटांत उतरले होते. थोडक्या पैशांत गाडी पुन्हा चालती करणारा तो माणूस कितीतरी घरांचा संसार सावरीत होता. विजेच्या गाड्याही उद्या बिघडतील. त्या उघडण्याची मुभा आणि शिकण्याची सोय त्याच्या मुलाला मिळते की नाही, हे पाहणे आता आपल्याकडे आहे.