चौथी प्रणाली

जयपूरच्या मानसरोवरमधून बोलतोय. घर मेट्रोच्या मार्गाला लागून आहे, मधेच खडखडाट ऐकू आला तर चालवून घ्या.

परवा माझ्या जुन्या फ्रीबीएसडीच्या संगणकावर एक मुक्तस्रोत जावा लायब्ररी बांधायला घेतली. पहिलंच उत्तर : ही ऑपरेटिंग सिस्टिम चालणार नाही. आता जावाचं ब्रीद काय? एकदा लिहा, कुठेही चालवा! मग हे असं का? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा जगापुढे आणली. जावातला प्रोग्रॅम कुठेही चालतो, हे खरं. पण त्याला चालवणारं आभासी यंत्र प्रत्येक सिस्टिमसाठी कुणीतरी वेगळं बांधावं लागतं. सनने ते स्वतःच्या सोलारिससाठी आणि विंडोजसाठी बांधलं. लिनक्ससाठी ते काम ब्लॅकडाउन नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने कित्येक वर्षं केलं. डिसेंबर १९९९ मध्ये सनने इनप्राइज कंपनीसोबत लिनक्सवरची जावा जाहीर केली, तेव्हा घोषणेत ब्लॅकडाउनचं नावच नव्हतं! बोंबाबोंब झाल्यावर चूक कबूल केली म्हणा.

(सिस्टिम बदलून ज्ञान नेणं जयपूरला नवं नाही. सवाई जयसिंगांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. त्यांचं नाव निदान टिकलं.)

फ्रीबीएसडीची गत आणखी बिकट. परवान्यामुळे तयार जावा वाटता येईना. ज्याला हवी त्याने सनचा परवाना मान्य करून सोर्स उतरवायचा, त्यावर स्वयंसेवकांची ठिगळं लावायची आणि मग घरी बांधायचं. त्यात जावाचा कंपायलर जावातच लिहिलेला. म्हणजे जावा बांधायला आधी जावा हवी. दही लावायला विरजण हवं, तसं. ते शेजाऱ्याकडून आणायचं : लिनक्सची जावा फ्रीबीएसडीच्या लिनक्स-सुसंगतीवर चालवायची आणि तिच्याकडून आपली बांधून घ्यायची.

नोव्हेंबर २००६ मध्ये सनने जावा जीपीएलखाली खुली करण्याचं जाहीर केलं, मे २००७ मध्ये बहुतेक सोर्स बाहेर आला. आज फ्रीबीएसडीवर ओपनजेडीके एका कमांडमध्ये बसतं.

मग माझं घोडं कुठे अडलं? त्या लायब्ररीच्या पोटात सी भाषेचा छोटा तुकडा होता, जेएनआयने जोडलेला. बांधणीच्या स्क्रिप्टला तीनच नावं ठाऊक : लिनक्स, मॅक, विंडोज. मी चौथं घातलं. मग तिला बॅश सापडेना, कारण आमच्याकडे तो लोकल फोल्डरात राहतो. मग मेक रुसला. मेकफाइल ग्नू धाटणीची, इथला मेक बीएसडीचा. जीमेक लावला. शेवटी जेएनआयची हेडर फाइल लिनक्स नावाच्या फोल्डरात शोधणं चालू होतं, तेही बदललं. सगळ्या मिळून अकरा ओळी. दोन रात्री गेल्या.

बदल पाठवले. तिकडून एकच प्रश्न आला : पुढच्या आवृत्त्यांना हे तपासणार कोण? रास्त आहे. तपासणारा नसला की चौथं नाव पुन्हा गळतं. मी हो म्हणून बसलोय. तेव्हा हा जुना डबा आता भंगारात देता येत नाही.