घरगुती सर्व्हर रॅकमधील अल्पदाब वीजवितरण

घरगुती सर्व्हर रॅकमधील अल्पदाब वीजवितरण म्हणजे घरात बसवलेल्या लहान रॅकमधील राउटर, नेटवर्क स्विच, साठवण सर्व्हर, एकपट्टी संगणक इत्यादी उपकरणांना ५ ते ५७ व्होल्टदरम्यानची दिष्ट विद्युतधारा (डीसी) पुरवण्याची व्यवस्था होय. अशी बहुतेक उपकरणे आतून दिष्ट धारेवरच चालतात. त्यामुळे भिंतीवरील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा (एसी) कोठेतरी दिष्ट धारेत रूपांतरित करावी लागते. हे रूपांतर प्रत्येक उपकरणाच्या स्वतंत्र अडॅप्टरमध्ये करावे की एका सामाईक पुरवठ्यात, हा या व्यवस्थेच्या आखणीतील मुख्य प्रश्न असतो.

## परिभाषा

भारतातील वीज वितरण कंपन्यांच्या व्यवहारात ‘लघुदाब’ या शब्दाने घराघरांत येणारा २३० व्होल्टचा सिंगल फेज आणि ४०० व्होल्टचा थ्री फेज पुरवठा ओळखला जातो. या लेखातील अल्पदाब त्याहून बराच खालचा आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या वर्गीकरणात प्रत्यावर्ती धारेसाठी ५० व्होल्टपर्यंतचा आणि तरंगमुक्त दिष्ट धारेसाठी १२० व्होल्टपर्यंतचा दाब ‘अतिलघुदाब’ या गटात मोडतो. या दाबाला कोरड्या हातांनी स्पर्श झाल्यास प्राणघातक धक्क्याचा संभव फार कमी असतो. आगीचा धोका मात्र दाबावर नव्हे, तर धारेवर अवलंबून असल्याने तो अल्पदाबातही कायम राहतो.

## पार्श्वभूमी

दिष्ट धारेचे सामाईक वितरण ही नवी कल्पना नाही. दूरध्वनी केंद्रांत दोन-दोन व्होल्टच्या २४ शिसे-आम्ल घटांची ४८ व्होल्टची बॅटरी प्रदीर्घ काळ वापरली गेली. तिचे धन टोक भूमीला जोडलेले असल्याने हा पुरवठा ‘उणे ४८ व्होल्ट’ म्हणून ओळखला जातो. धातूच्या तारांची विद्युत-रासायनिक झीज कमी व्हावी, हा या जोडणीमागील हेतू होता. २०११ मध्ये फेसबुकच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ओपन कॉम्प्युट प्रकल्पात रॅकच्या मागील बाजूस १२ व्होल्टची तांब्याची सामाईक पट्टी, म्हणजे बसबार, वापरण्यात आली. २०१६ मध्ये गूगल या प्रकल्पात सामील झाले आणि त्याने ४८ व्होल्टच्या रॅकची रचना पुढे आणली. घरगुती रॅकमध्ये याच तत्त्वांचा लहान प्रमाणावर वापर होतो.

घरगुती वापरात १९ इंच (४८२.६ मिलिमीटर) आणि १० इंच (२५४ मिलिमीटर) रुंदीचे रॅक आढळतात. उंची ‘यू’ या एककात मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. दहा इंची रॅकमध्ये सहा-सात अडॅप्टर आणि त्यांच्यासाठी एक्स्टेंशन बोर्ड मावणे कठीण जाते. सामाईक पुरवठ्याचा विचार बहुधा या जागेच्या अडचणीतून सुरू होतो.

## उपकरणांच्या गरजा

* ५ व्होल्ट: लहान स्विच आणि एकपट्टी संगणक. रास्पबेरी पाय ४ साठी ३ अँपिअरचा, तर रास्पबेरी पाय ५ साठी ५ अँपिअरचा पुरवठा सुचवलेला आहे.
* १२ व्होल्ट: राउटर, फायबर जोडणीचे ओएनटी आणि लहान साठवण सर्व्हर. साडेतीन इंची हार्ड डिस्क सुरू होताना काही सेकंद १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर धारा घेते. पुढे हे प्रमाण बरेच खाली येते.
* १९ ते २० व्होल्ट: मिनी पीसी आणि लॅपटॉपवर आधारलेले सर्व्हर.
* ४४ ते ५७ व्होल्ट: नेटवर्क केबलमधून वीज घेणारी उपकरणे.

१२ व्होल्टच्या उपकरणांवर सर्वसाधारणपणे ५.५ मिलिमीटर बाह्य व्यासाचा गोल प्लग असतो. त्याचे आतील छिद्र २.१ किंवा २.५ मिलिमीटरचे असू शकते. बहुतेक उपकरणांत मधली पिन धन असली, तरी ते सार्वत्रिक नाही. शिवाय ९, १२ आणि १९ व्होल्टच्या अडॅप्टरांचे प्लग एकाच मापाचे असू शकतात. त्यामुळे प्लग बसला म्हणजे दाब जुळला असे होत नाही. उपकरणावरील दाब व ध्रुवता दर्शवणारी खूण पाहणे आणि जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजणे आवश्यक ठरते.

## तारेतील दाबघट

दिलेल्या शक्तीसाठी दाब जितका कमी, तितकी धारा जास्त असते. तारेच्या रोधामुळे होणारी दाबघट धारेच्या प्रमाणात वाढते, तर उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१७२ ओहम असतो. उपकरण पुरवठ्यापासून २ मीटरवर असल्यास जाण्या-येण्याची मिळून ४ मीटर तार लागते आणि एकूण रोध ०.०६९ ओहम होतो. ६० वॅट भारासाठी नाममात्र धारा धरून येणारे आकडे पुढीलप्रमाणे:

| दाब (व्होल्ट) | धारा (अँपिअर) | दाबघट (व्होल्ट) | दाबघट (टक्के) | तारेतील व्यय (वॅट) |
|---|---|---|---|---|
| ५ | १२ | ०.८३ | १६.५ | ९.९ |
| १२ | ५ | ०.३४ | २.९ | १.७ |
| २४ | २.५ | ०.१७ | ०.७ | ०.४ |
| ४८ | १.२५ | ०.०९ | ०.२ | ०.१ |

यावरून ५ व्होल्टचे वितरण लांबवर करणे व्यवहार्य नसल्याचे स्पष्ट होते. रास्पबेरी पाय ४ हा दाब सुमारे ४.६३ व्होल्टखाली गेल्यास कमी दाबाचा इशारा देतो, म्हणजे ०.४ व्होल्टच्या आसपासची घटही त्याला पुरेशी होते. अपुऱ्या दाबामुळे संगणक अवेळी बंद पडून मेमरी कार्डवरील माहिती खराब होऊ शकते. म्हणून रॅकमध्ये १२ किंवा २४ व्होल्ट फिरवून ५ व्होल्ट हवे असतील त्या उपकरणाजवळच बक कन्व्हर्टरने दाब उतरवला जातो.

सैल जोडणीचा परिणामही याच नियमाने होतो. एखाद्या स्क्रू टर्मिनलवर ०.०५ ओहम संपर्करोध असेल आणि त्यातून १० अँपिअर धारा जात असेल, तर त्या एका बिंदूवर ५ वॅट उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेने प्लास्टिकचे टर्मिनल कालांतराने मऊ पडू शकते.

## वितरणाच्या पद्धती

### स्वतंत्र अडॅप्टर

प्रत्येक उपकरणासोबत आलेला अडॅप्टर वापरणे ही सर्वांत सोपी पद्धत आहे. यात एक अडॅप्टर निकामी झाल्यास एकच उपकरण बंद पडते. शिवाय २ अँपिअरचा अडॅप्टर त्याहून फार जास्त धारा देऊच शकत नसल्याने त्याची बारीक तार आपोआप सुरक्षित राहते. जागा, तारांचा गुंता आणि बॅटरी जोडण्याची अडचण हे या पद्धतीचे तोटे आहेत.

### मध्यवर्ती एसएमपीएस

यात १२ किंवा २४ व्होल्टचा एक मोठा एसएमपीएस बसवून त्यापासून फ्यूज असलेल्या वितरण फलकाद्वारे प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र शाखा दिली जाते. जाळीदार पत्र्याच्या एसएमपीएसच्या टर्मिनलांवर २३० व्होल्ट उघडे असतात. त्यामुळे त्यांवर झाकण, तारेला ताण बसणार नाही अशी पकड आणि धातूच्या आवरणाला अर्थिंग अनिवार्य ठरते.

### नेटवर्क केबलमधून वीज

पॉवर ओव्हर इथरनेट (पीओई) पद्धतीत माहिती आणि वीज एकाच केबलमधून जातात. २००३ च्या आयईईई ८०२.३एएफ मानकानुसार स्विचच्या पोर्टवर १५.४ वॅट मिळतात आणि १०० मीटर केबलमधील घट धरून उपकरणापर्यंत १२.९५ वॅट पोहोचण्याची हमी असते. २००९ च्या ८०२.३एटी मानकात हे आकडे ३० आणि २५.५ वॅट, तर २०१८ च्या ८०२.३बीटी मानकात कमाल ९० आणि ७१.३ वॅट आहेत. मानकाप्रमाणे चालणारा स्विच प्रथम अल्प दाबाने उपकरणातील सुमारे २५ किलोओहमचा ओळखरोध तपासतो आणि तो आढळल्यावरच पूर्ण दाब देतो. बाजारात ‘पॅसिव्ह पीओई’ नावाने मिळणाऱ्या साधनांत ही तपासणी नसते. ती चुकीच्या उपकरणाला जोडल्यास ते कायमचे निकामी होऊ शकते.

स्विचची एकूण क्षमता सर्व पोर्टांच्या बेरजेइतकी असेलच असे नाही. आठ पोर्टांना प्रत्येकी १५.४ वॅट देण्यास १२३.२ वॅट लागतात, पण एकूण ६० वॅटचा स्विच पूर्ण भाराची तीनच उपकरणे चालवू शकतो. पीओई न समजणाऱ्या उपकरणांसाठी ५ किंवा १२ व्होल्ट देणारे स्प्लिटर वापरले जातात.

### यूएसबी पॉवर डिलिव्हरी

या पद्धतीत चार्जर आणि उपकरण परस्परांशी संवाद साधून ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरवतात. २० व्होल्ट व ५ अँपिअरने १०० वॅट मिळतात. २०२१ च्या सुधारणेत २८, ३६ आणि ४८ व्होल्टची भर पडून कमाल मर्यादा २४० वॅट झाली. अनेक बहुपोर्ट चार्जर नवे उपकरण जोडताच सर्व पोर्टांची शक्ती नव्याने वाटतात आणि त्या क्षणी चालू उपकरणांची वीज तुटते. फोनला याचा त्रास होत नाही. पण माहिती लिहीत असलेला सर्व्हर अशा वेळी अचानक बंद पडतो.

## संरक्षण

मध्यवर्ती पुरवठ्यातील मुख्य धोका लघुपथन, म्हणजेच शॉर्टसर्किट, हा आहे. १२ व्होल्टचा ३५० वॅटचा एसएमपीएस सुमारे २९ अँपिअर धारा देऊ शकतो. राउटरच्या बारीक तारेत लघुपथन झाल्यास एसएमपीएसला तो सामान्य भारच वाटण्याची शक्यता असते; त्याचे अंतर्गत संरक्षण कार्यान्वित होत नाही आणि तार तापून पेट घेऊ शकते. म्हणून प्रत्येक शाखेला स्वतंत्र फ्यूज आवश्यक असतो. हा फ्यूज उपकरणापेक्षा तारेच्या रक्षणासाठी असतो. त्याची क्षमता भाराच्या कमाल धारेपेक्षा जास्त, पण तारेच्या वहनक्षमतेपेक्षा कमी ठेवतात. ऋण टोक सामाईक असलेल्या पुरवठ्यात तो धन तारेत, पुरवठ्याच्या शक्य तितक्या जवळ बसवतात.

फ्यूज आणि स्विच दिष्ट धारेसाठी प्रमाणित असावे लागतात. ५० हर्ट्झची प्रत्यावर्ती धारा सेकंदाला १०० वेळा शून्यातून जाते, त्यामुळे संपर्क सुटताना उठणारी ठिणगी विझते. दिष्ट धारेत असा शून्यबिंदू येत नाही. वाहनांत वापरले जाणारे पात्याचे फ्यूज सामान्यतः ३२ व्होल्टपर्यंत प्रमाणित असतात. १२ आणि २४ व्होल्टसाठी ते योग्य असले, तरी ४८ व्होल्टसाठी नव्हेत.

सर्व उपकरणे एकाच वेळी सुरू झाल्यास त्यांच्या धारित्रांत क्षणिक मोठी धारा शिरते आणि एसएमपीएस वारंवार बंद-चालू होत राहू शकतो. शाखा काही सेकंदांच्या अंतराने सुरू करणे हा त्यावरील उपाय आहे.

## बॅटरीची जोड

भारनियमन किंवा बिघाडामुळे वीज गेल्यास इंटरनेट चालू राहावे, हे दिष्ट वितरणाचे एक मोठे आकर्षण आहे. नेहमीच्या यूपीएसमध्ये बॅटरीची दिष्ट धारा प्रत्यावर्ती होऊन अडॅप्टरमध्ये पुन्हा दिष्ट होते आणि दोन्ही टप्प्यांवर ऊर्जा खर्च होते. १२ व्होल्टच्या वितरणात हे दोन्ही टप्पे वगळता येतात.

तथापि ‘१२ व्होल्ट’ची बॅटरी नेमके १२ व्होल्ट देत नाही. शिसे-आम्ल बॅटरीचा दाब प्रभारित स्थितीत ठेवताना १३.५ ते १३.८ व्होल्ट असतो आणि पूर्ण उतरताना १०.५ व्होल्टपर्यंत येतो. चार घटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी प्रभारित होताना १४.६ व्होल्टपर्यंत जाते. म्हणून उपकरण आणि बॅटरी यांच्यामध्ये दाब वाढवू व उतरवू शकणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर लागतो. बॅटरी लघुपथनात एसएमपीएसपेक्षा कितीतरी जास्त धारा देत असल्याने तिच्या टोकाशी स्वतंत्र फ्यूज असणे अत्यावश्यक आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत नाममात्र ८४ वॅट-तास ऊर्जा असते; ४० वॅटच्या भाराला ती गणिताने दोन तास, तर प्रत्यक्षात त्याहून कमी वेळ पुरते.

## भारगणनेचे उदाहरण

एका रॅकमध्ये ओएनटी (१२ वॅट), राउटर (२४ वॅट), स्विच (१२ वॅट) आणि दोन डिस्कांचा साठवण सर्व्हर (६० वॅट) ही १२ व्होल्टची, तसेच प्रत्येकी १५ वॅटचे दोन एकपट्टी संगणक ५ व्होल्टवर आहेत असे मानू. १२ व्होल्टचा थेट भार १०८ वॅट होतो. ५ व्होल्टच्या ३० वॅटसाठी ९० टक्के कार्यक्षमतेच्या कन्व्हर्टरला सुमारे ३३ वॅट लागतात. एकूण १४१ वॅटवर २५ टक्के राखीव धरल्यास १७६ वॅट येतात, म्हणून २०० वॅटचा एसएमपीएस योग्य ठरतो. याच रॅकमधील १९ व्होल्टच्या मिनी पीसीला मात्र स्वतःच्याच अडॅप्टरवर ठेवणे सोयीचे असते.

## लाभ आणि मर्यादा

सामाईक पुरवठ्यामुळे विजेची मोठी बचत होते हा समज सरसकट खरा नाही. अमेरिकेत २०१६ पासून लागू झालेल्या ‘पातळी ६’ निकषांनुसार २४ वॅटच्या अडॅप्टरची सरासरी कार्यक्षमता सुमारे ८६ टक्के असावी लागते आणि भार नसताना त्याने ०.१ वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये. याउलट मोठा एसएमपीएस त्याच्या क्षमतेच्या अल्पशा भारावर चालल्यास त्याची कार्यक्षमता घटते आणि पुढील कन्व्हर्टरमधील व्यय त्यात मिळतो. त्यामुळे जागेची बचत, नीटनेटक्या तारा आणि बॅटरीची सोय हेच या पद्धतीचे खरे लाभ मानले जातात.

मध्यवर्ती पुरवठा बंद पडल्यास संपूर्ण रॅक बंद पडतो, ही तिची प्रमुख मर्यादा आहे. दोन एसएमपीएस डायोडमार्फत समांतर जोडून ती काही अंशी दूर करता येते. भारतात माहिती तंत्रज्ञान उपकरणांचे पॉवर अडॅप्टर भारतीय मानक ब्यूरोच्या अनिवार्य नोंदणी योजनेत येतात. घरी जुळवलेल्या वितरण व्यवस्थेची अशी कोणतीही चाचणी झालेली नसते. म्हणून तिच्या २३० व्होल्टच्या बाजूचे काम परवानाधारक वीजतंत्रीकडून करून घेणे इष्ट ठरते.

## हेही पहा

* ओहमचा नियम
* दिष्ट विद्युतधारा
* पॉवर ओव्हर इथरनेट
* यूएसबी
* अखंडित वीजपुरवठा