शेमाचा कोकणातला प्रवास

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ साली उभ्या राहिलेल्या सिनेगॉगचे नाव 'शआर हाशमाईम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. तिथे वाचल्या जाणाऱ्या हिब्रू पवित्रग्रंथात देवाचे नाव योद, हे, वाव, हे या चार अक्षरांनी लिहितात. वाचणारा मात्र ते उच्चारत नाही, 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', असे म्हणतो. जेरुसलेमच्या मंदिरात प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक ते नाव घेत असे. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले आणि तो विधीही संपला. उरले 'अदोनाय', आणि देव एकच असल्याची ग्वाही देणारी 'शेमा' ही प्रार्थना. ती ठाण्यापर्यंत कशी पोहोचली हे पाहायचे, तर आपल्याला आधी अलिबागजवळच्या नवगावला जावे लागते.

बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार तिथे त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात जोडपी तरली आणि ग्रंथ समुद्राला मिळाले. पुढच्या पिढ्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि 'शनिवार तेली' हे नाव मिळवले. हिब्रू विसरली, सुंता, लग्न, मृत्यू या प्रसंगी शेमा मात्र तोंडी राहिली. अडीअडचणीला नवस बोलला जाई तो एलियाहू हन्नाबीला. या संदेष्ट्याच्या नावातच 'याहू'च्या रूपाने त्या चार अक्षरांचा अंश आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आजही आहे. नवस फिटला की पोहे, खोबरे, गूळ आणि फळांचा मलिदा करायचा.

मग शिक्षक आले. त्यांतला पहिला म्हणून दाविद रहाबीचे नाव सांगतात; त्याचा काळ कोणी अकराव्या शतकाच्या आसपास धरतात, कोणी अठराव्या शतकात. त्याने माशांची परीक्षा घेतली, असे सांगतात: बायकांनी ज्यूंना चालणारे, खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले, तेव्हा त्याला आपली माणसे ओळखू आली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवीला पहिली 'मशीद', म्हणजे सिनेगॉग, बांधली. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याचा तो नवस होता, अशी आठवण समाज जपतो. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. समाजाने त्याचे व्याकरण घेतले, धर्म घेतला नाही. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडण सणाची 'हागादा' ही पोथी मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. पाठ असलेल्या प्रार्थनेला आता अर्थासह पुस्तक मिळाले.

१६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला. कोकणातली घाण्यावरची कुटुंबे नोकऱ्यांसाठी मुंबई-ठाण्याकडे सरकली होती. त्यांच्यासाठी ठाण्यात शआर हाशमाईम उभे राहिले. १९४८ नंतर बहुतेकजण इस्राएलला गेले. तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. निदर्शने झाली आणि १९६४ मध्ये सरकारने त्यांना पूर्ण ज्यू मानले. २०१६ मध्ये महाराष्ट्रानेही ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. भारतात राहिलेल्यांचे मोठे केंद्र आज ठाणे आहे. तिथे हिब्रू पुस्तक आणि मलिद्याचे ताट दोन्ही नांदतात, आणि त्यांतले ताट पुस्तकाहून जुने आहे. शतकानुशतके हा समाज ग्रंथाविना ज्यू राहिला तो विद्वत्तेच्या नव्हे, भरवशाच्या बळावर. विद्येने नंतर येऊन त्या भरवशाला लिपी दिली.