आज्ञा आणि उपज

स्वातंत्र्य देणें ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. ज्याला जन्मभर हुकूम पाळण्याचें शिक्षण मिळालें, त्याला एके दिवशीं 'आजपासून तूं मोकळा' असें सांगितल्यानें तो मोकळा होत नाहीं. तो बहुधा गोंधळतो, आणि त्या गोंधळाचें रागांत रूपांतर होण्यास फार वेळ लागत नाहीं. राजकीय इतिहासांत याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. संगीताच्या इतिहासांतलें असेंच एक उदाहरण आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे. १९६४ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत, तारीख ६ पासून ९ पर्यंत, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदानें लिंकन सेंटरमधील आपल्या नव्या सभागृहांत एक कार्यक्रम सादर केला. जुनी सिंफनी, वादकांनीं ऐनवेळीं केलेली उपज आणि वादन चालू असतांनाच चालविलेलीं इलेक्ट्रॉनिक यंत्रें, अशा तीन गोष्टी त्यांत एकत्र आणिल्या होत्या. कार्यक्रम गाजला, पण ज्या कारणासाठीं तो गाजला तें कारण योजकांच्या मनांत खचित नव्हतें.

युरोपीय संगीत म्हणजे कागदावर लिहिलेलें व आपलें म्हणजे मनांतून उमटणारें, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची एक ढोबळ समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. बाख, मोझार्ट, बेथोवेन हे सारे आपल्या काळीं उत्स्फूर्त वादनासाठीं विख्यात होते. कॉन्चर्टो नांवाच्या रचनेंत तर वाद्यवृंद मध्येंच थांबे व मुख्य वादकाला स्वतःच्या कल्पनेनें वाजविण्यासाठीं मोकळी जागा मिळे. परंतु १८०९ सालीं बेथोवेननें आपल्या पांचव्या पियानो-कॉन्चर्टोंत त्या जागीं स्पष्ट सूचना लिहिली कीं, येथें वादकानें स्वतःचें कांहीं घालूं नये. जें वाजवावयाचें तें रचनाकारानें लिहून ठेविलेलें आहे. या एका सूचनेनें युग पालटलें असें नव्हे. पण वारा कोणत्या दिशेनें वाहूं लागला होता तें तिच्यावरून दिसतें. पुढील शतकांत वाद्यवृंद मोठा झाला, समोर छडी घेतलेला संचालक उभा राहिला, आणि स्वरलिपि हें शास्त्र व वादक हा त्याचा निष्ठावंत अनुयायी असें नातें दृढ झालें. १८४२ सालीं स्थापन झालेला न्यूयॉर्कचा हा वाद्यवृंद याच शिस्तींत वाढला होता. तेथील वादकाचें कौशल्य असामान्य. पण त्या कौशल्याची कसोटी एकच – लिहिलेलें अचूक वाजविणें.

या शिस्तीला आव्हान देणाऱ्यांत जॉन केज हे अग्रेसर होते. १९१२ सालीं लॉस एंजेलिस येथें जन्मलेल्या या रचनाकारानें १९३९ सालींच ग्रामोफोनच्या फिरत्या तबकड्यांचा वेग कमीअधिक करून त्यांतून निघणारे सूर एका रचनेंत वाद्यासारखे वापरले होते. १९६० मध्यें त्यांनीं ग्रामोफोनची सुई बसविण्याचें छोटें यंत्र निरनिराळ्या वस्तूंवर घासून, एरवीं कानाला न कळणारे सूक्ष्म ध्वनि सभागृहभर ऐकविले. पण त्यांचें खरें बंड यंत्रांत नव्हतें, विचारांत होतें. रचनाकाराची आवडनिवड, त्याचा अहंकार, त्याची स्मृति यांपासून ध्वनीला मुक्त करावें, हा त्यांचा ध्यास होता. व त्यासाठीं कोणता स्वर केव्हां यावा हें ते नाणीं उडवून किंवा तत्सम उपायांनीं ठरवीत.

या विचाराला हिंदुस्थानचाहि हातभार लागला होता. १९४६ सालीं गीता साराभाई या संगीताभ्यासी बाई न्यूयॉर्कला गेल्या असतां केज यांनीं त्यांना पाश्चात्य संगीत शिकविलें व त्यांच्याकडून आपलें संगीत समजून घेतलें. संगीताचें प्रयोजन काय, या केज यांच्या प्रश्नाला बाईंनीं आपल्या गुरूंचें मत सांगितलें : मन शांत व निवळ करून त्याला ईश्वरी प्रेरणेस पात्र बनविणें. हें उत्तर केज जन्मभर विसरले नाहींत. परत निघतांना बाईंनीं त्यांना श्रीरामकृष्णांच्या संवादांचा ग्रंथ दिला, तोहि त्यांनीं मनापासून वाचला. आपल्या नवरसांच्या कल्पनेवर आधारलेली त्यांची पियानोची एक मोठी रचना याच काळांतली आहे.

१९६१-६२ मध्यें केज यांनीं 'अ‍ॅटलस एक्लिप्टिकॅलिस' ही रचना पुरी केली. चेक ज्योतिषी अंतोनीन बेच्वार्झ यांच्या याच नांवाच्या नक्षत्रपटावर त्यांनीं पारदर्शक कागद ठेविला व जेथें तारा तेथें स्वर, असे स्वर उतरून घेतले. ८६ वाद्यांसाठीं ८६ स्वतंत्र लेख तयार झाले. त्यांपैकीं सर्व वाजवावे किंवा थोडे, वेळ किती घ्यावा, हें वाजविणाऱ्या मंडळींवर सोपविलेलें होतें. मोठा ठिपका म्हणजे मोठा आवाज, लहान ठिपका म्हणजे लहान. तालाचें ठराविक बंधन नाहीं, मुख्य सूर नाहीं, साथीचा सूर नाहीं. आकाशांत जसे तारे, तसे शांततेंत विखुरलेले ध्वनि.

ही रचना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनें वाजवावी असें ठरलें. वाद्यवृंदाचे संगीत-संचालक लेनर्ड बर्नस्टाइन हे लोकप्रिय, वक्तृत्वकुशल व नव्या गोष्टींविषयीं जिज्ञासा असलेले गृहस्थ होते. त्यांनीं कार्यक्रमांत विवाल्डी व चायकोव्हस्की यांच्या परिचित कृति ठेविल्या, आणि त्यांच्या जोडीला केज, मॉर्टन फेल्डमन व अर्ल ब्राउन या तिघांच्या नव्या रचना. शिवाय कोणताहि लेख समोर न ठेवतां वाद्यवृंदानें उत्स्फूर्त वादनहि करून दाखवावें, अशी त्यांची कल्पना होती. केज यांनीं याला आधींच पत्रानें हरकत घेतली होती. त्यांचें म्हणणें असें कीं, उपजेचा आणि आमच्या कामाचा संबंध नाहीं. विचार केल्यास हें म्हणणें बरोबर होतें. उपजेंत माणूस आपल्या आवडींतून व सवयींतून बोलतो; केज यांना तर याच दोन गोष्टी दूर सारावयाच्या होत्या. पण बर्नस्टाइन यांनीं आपला बेत सोडला नाहीं, आणि 'नियम नसलेलें संगीत' या एकाच नांवाखालीं दोन परस्परविरुद्ध गोष्टी श्रोत्यांसमोर व वादकांसमोर आल्या.

आतां यंत्रांकडे वळूं. प्रत्येक वादकाच्या वाद्याला एक छोटा मायक्रोफोन चिकटविलेला होता. त्या सर्वांच्या तारा एका मिश्रणयंत्रांत जात. हें यंत्र बेल दूरध्वनि-प्रयोगशाळेंतील मॅक्स मॅथ्यूज यांनीं या प्रयोगासाठीं बनविलें होतें. केज व त्यांचे सहायक त्या यंत्रावरील खुंट्या फिरवून कोणत्या वाद्याचा आवाज ध्वनिक्षेपकांतून मोठा करून सोडावयाचा आणि कोणाचा बंद ठेवावयाचा तें ठरवीत. आणि तेंहि दैवयोगानें ठरलेल्या क्रमानुसार. संचालकाच्या जागीं घड्याळाच्या कांट्यासारखा फिरणारा एक यांत्रिक हात होता.

या रचनेला लोकांनीं काय प्रतिसाद दिला तें थोडक्यांत सांगतां येईल : पुष्कळ श्रोते उठून गेले, राहिलेल्यांपैकीं अनेकांनीं निषेधाचा आवाज केला. नव्या कलेच्या इतिहासांत हें नवीन नाहीं. नवीन होतें तें व्यासपीठावर घडलें. कांहीं वादक लिहिलेले स्वर सोडून भलतेंच वाजवूं लागले. कोणी सरळ स्वरसप्तक वाजविलें, कोणी मायक्रोफोनमध्यें शीळ घातली. कांहींनीं वाद्यावरचे मायक्रोफोन काढून ते पायाखालीं तुडविले, असें केज यांनीं पुढें सांगितलें. ते अभिवादनासाठीं व्यासपीठावर आले तेव्हां त्यांना मागून सिसकारे ऐकूं आले. ते श्रोत्यांचे नव्हते, वादकांचे होते.

दोष कोणाचा? वादकांचें वर्तन व्यावसायिक नीतीला सोडून होतें, यांत शंका नाहीं. दुसऱ्याची कृति न पटली तर ती वाजविण्यास नकार देणें सरळपणाचें. ती वाजवितों असें दाखवून बिघडविणें नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें येथें थांबूं नये. त्या वादकाच्या खुर्चींत क्षणभर बसून पाहावें. वीस-तीस वर्षें मेहनत करून ज्यानें एकेक स्वर घडविला, त्याला सांगण्यांत आलें कीं, तुझा स्वर केव्हां यावा हें ताऱ्यांनीं ठरविलें आहे. तो ऐकूं जावा कीं नाहीं हें खुंटीवरचा माणूस ठरवील. आणि तूं मात्र आज स्वतंत्र आहेस! त्यानें जीव ओतून वाजविलें तरी तो आवाज बंद केलेला असूं शकतो. आणि थट्टेनें वाजविलें तर तेंच सभागृहभर घुमूं शकतें. हुकूम पाळण्यांतला मान गेला, आणि स्वतंत्रतेंतला मान आला नाहीं. मायक्रोफोनवरचा राग हा बहुधा यंत्रावरचा राग नव्हता. आपला आवाज दुसऱ्याच्या हातीं गेल्याचा तो राग होता.

केज यांची बाजूहि तितकीच मानाची आहे. त्यांना वादकाचा अपमान करावयाचा नव्हता. फळाची आशा न धरतां प्रत्येक स्वर त्याच्याच खातर वाजवावा, एवढेंच त्यांचें मागणें होतें. आपल्याला हें मागणें परकें वाटूं नये. निष्काम कर्माची थोरवी आपण लहानपणापासून ऐकतों. पण निष्कामता ही वेळापत्रकानें येत नाहीं. आपल्या गवयाची उपज तरी कोठून येते? गुरूसमोर वर्षानुवर्षें तेच पलटे घोटून, तबलजीबरोबर समेवर हजारदां येऊन. रागाचें बंधन अंगांत मुरल्यावरच त्याला स्वातंत्र्य गवसतें. केज यांना हवी होती ती वृत्ति उपजेहूनहि अवघड, कारण तींत 'मी'लाच बाजूला ठेवावें लागतें. ती थोड्या तालमींत, दर आठवड्याला नवा कार्यक्रम वाजविणाऱ्या मंडळींकडून मिळावी ही अपेक्षा भाबडी होती. आणि हशा पिकविणाऱ्या प्रास्ताविकांनीं ती मिळणें अधिकच कठीण केलें.

या प्रयोगानंतर रस्ता बंद झाला नाहीं. दुसऱ्याच वर्षीं, १९६५ मध्यें, जर्मनींत हँबर्ग येथें कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन यांच्या एका रचनेंत वाद्यवृंदाचे स्वर वादन चालू असतांनाच इलेक्ट्रॉनिक यंत्रांतून पालटून ऐकविण्यांत आले. वाद्यवृंद, उपज व यंत्र यांचा संगम पुढें अनेक ठिकाणीं झाला, व तो आतां कोणाला आश्चर्याचा वाटत नाहीं.

१९९२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, ऐंशी वर्षें पुरीं होण्यास थोडेच दिवस उरले असतां, केज वारले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्याच कार्नेगी हॉलमध्यें पेत्र कोतिक यांच्या संचालनाखालीं 'अ‍ॅटलस एक्लिप्टिकॅलिस' सर्व ८६ लेखांसह वाजविलें गेलें. वाजविणारी मंडळी कोतिक यांनींच नव्या संगीतासाठीं जमविलेली होती. त्यांना तें संगीत कोणी लादलेलें नव्हतें. शहर तेंच, कागद तेच, तारेहि तेच. पण या वेळीं समोरचे ठिपके वाजवावयाचे कीं नाहींत, हें त्यांनीं खुर्चींत बसण्यापूर्वींच आपलें आपण ठरविलें होतें.